लॅपटॉपची हार्ड डिस्क जाऊ लागली असेल तर आधी प्रत, नंतर परीक्षा

कळव्याच्या एका शिक्षिकेने विचारले आहे : सहा वर्षांपूर्वी घेतलेला लॅपटॉप सुरू व्हायला आता दहा-बारा मिनिटे घेतो, टास्क मॅनेजरमध्ये डिस्क सतत १०० टक्के दिसते, दोनदा निळा पडदा आला, आणि गेल्या आठवड्यापासून रात्रीच्या शांततेत डाव्या तळहाताखाली हलकी टकटक ऐकू येते. जवळच्या दुकानदाराने ‘विंडोज मारून देतो, ठीक होईल’ असे सांगितले आहे. डिस्कमध्ये चार वर्षांच्या प्रश्नपत्रिका, मुलांची गुणपत्रके आणि दिवंगत वडिलांचे फोटो आहेत, बॅकअप नाही. डिस्क खरोखर बिघडली आहे का, हे कसे ओळखावे आणि ती स्वतः बदलता येईल का?

बाई, हे वाचत असताना तो लॅपटॉप चालू असेल तर आधी तो बंद करा, आणि पुढचे सारे दुसऱ्या यंत्रावर किंवा फोनवर वाचा. मी नौपाड्यात गेली सोळा वर्षे लॅपटॉप दुरुस्त करतो, आणि या काळात ज्यांचा डेटा गेला त्यांतले बहुतेक जण डिस्क बिघडल्यामुळे नव्हे, तर बिघडल्याचे कळल्यावर ती आणखी चार दिवस चालवल्यामुळे गमावून बसले. लॅपटॉपच्या डिस्कमधली तबकडी बहुधा मिनिटाला ५४०० फेरे घेते आणि वाचणारे हेड तिच्यावर अवघ्या काही नॅनोमीटर उंचीवर तरंगत असते. आपल्या डोक्याचा केस सत्तर-ऐंशी हजार नॅनोमीटर जाड असतो, यावरून ती फट किती बारीक असेल याचा अंदाज यावा. हेड एकदा तबकडीला घासले की पृष्ठभागाची भुकटी उडते, ती भुकटी पुन्हा हेडखाली येते आणि आणखी जागा खरवडली जाते. म्हणून अशा डिस्कच्या प्रत्येक चालू मिनिटाकडे मी संपत चाललेल्या शिलकीसारखे पाहतो, आणि ती शिलक निदानावर न उधळता प्रत काढण्यासाठी राखून ठेवतो.

दुकानदाराचा सल्ला नेमका याच्या उलट आहे. नव्याने विंडोज टाकणे म्हणजे आजारी डिस्कवर वीस-पंचवीस जीबी नवे लिखाण करणे, आणि तेही कदाचित आपल्या फोटोंच्या जागेवर. जखम मांडीला आणि मलम शेंडीला, अशातला हा प्रकार आहे.

मात्र केवळ संथपणावरून डिस्कला दोष देता येत नाही, हेही मान्य केले पाहिजे. चार जीबी रॅम, ५४०० फेऱ्यांची डिस्क आणि त्यावर विंडोज १० ही जोडी धडधाकट असतानाही १०० टक्क्यांवर जाऊन बसते, कारण रॅम (चालू कामाची तात्पुरती स्मृती) कमी पडली की विंडोज डिस्कचाच रॅमसारखा वापर करते. शिवाय अलीकडच्या अनेक पातळ डिस्कमध्ये नोंदींचे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात. त्यांत एक पट्टा बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात, त्यामुळे मोठे अपडेट आले की त्या तासन्‌तास रखडतात आणि तरीही निरोगी असतात. माझ्याकडे ‘डिस्क गेली’ म्हणून आलेले कित्येक लॅपटॉप आठ जीबी रॅम घालून परत गेले आहेत. आपल्या बाबतीत मात्र संथपणाच्या जोडीला निळा पडदा आणि आवाज आहे, त्यामुळे संशय दाट आहे.

आवाजाबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण फोनवर ‘आवाज येतो’ एवढेच सांगितले जाते आणि त्यातून काही कळत नाही. मी डिस्क काढून फोमच्या तुकड्यावर ठेवतो, वीज देतो आणि लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक तिच्या झाकणाच्या कडेला हलके टेकवून मूठ कानाला लावतो. वैद्याची नळी परवडत नसे तेव्हापासूनची ही सवय आहे. निरोगी डिस्क आधी बारीक शीळ घालत वेग घेते, मग एकदाच ‘टक्‌’ असा हेड सुटल्याचा आवाज होतो आणि पुढे उंदराने कागद कुरतडावा तशी अनियमित किरकिर चालते. अधूनमधून, काम नसताना येणारी एखादी टक्‌ म्हणजे वीज वाचवण्यासाठी हेड बाजूला ठेवल्याचा आवाज. तो बहुतेक लॅपटॉप डिस्कमध्ये असतो आणि त्याने घाबरण्याचे कारण नाही. घड्याळासारखी ठरावीक तालात टक्‌-टक्‌-टक्‌, मग वेग मंदावणे, पुन्हा वेग घेणे आणि पुन्हा तीच टकटक, ही मात्र हेड स्वतःची जागा शोधू शकत नसल्याची खूण आहे. त्या वेळी वीज काढून घ्यावी आणि घरगुती उपाय तिथेच थांबवावेत. चिलटासारखी बारीक गुणगुण येत असेल आणि तबकडी फिरतच नसेल, तर हेड तबकडीला चिकटले आहे किंवा मोटर अडकली आहे.

आपली टकटक कोणत्या जातीची आहे हे मला इथून ऐकू येत नाही. लॅपटॉप अजून विंडोजपर्यंत पोहोचतो आहे, त्यावरून डिस्क वाचण्याजोगी असावी असे धरून पुढे लिहितो.

प्रत्येक डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंदवही ठेवते. तिला स्मार्ट म्हणतात. ती पाहायला तबकडी खरवडावी लागत नाही, काही सेकंदांचे काम असते, म्हणून एवढी एकच तपासणी प्रतीच्या आधी करण्यास माझी हरकत नाही. विंडोजमध्ये क्रिस्टलडिस्कइन्फो ही मोफत आज्ञावली ती उघडून दाखवते. वर निळ्या चौकटीत ‘गुड’ किंवा पिवळ्या चौकटीत ‘कॉशन’ दिसते, पण केवळ त्या रंगावर विसंबू नये. खालच्या यादीतल्या चार ओळी वाचाव्यात. ०५ ही ओळ किती खराब सेक्टर (तबकडीवरचे डेटाचे छोटे कप्पे) बदलून राखीव जागेतले वापरात घेतले ते सांगते. सी५ ही ओळ जे सेक्टर वाचता येत नाहीत आणि ज्यांचा निर्णय लटकला आहे त्यांची संख्या देते. सी६ हे अंतर्गत तपासणीत न वाचले गेलेले सेक्टर. चौथी ओळ सी७, तिच्याबद्दल पुढे लिहितो. यांतले आकडे मुळात दहाऐवजी सोळाच्या पायावर मोजणाऱ्या पद्धतीत छापलेले असतात, आणि इथे पुष्कळ जण फसतात : शेवटी ‘१बी८’ दिसले तर ते साध्या हिशेबाने ४४० होतात. सेटिंगमध्ये रॉ व्हॅल्यू, म्हणजे हे मूळ आकडे, दशमान पद्धतीने दाखवण्याची सोय आहे, ती निवडावी.

माझ्या अनुभवात ०५ मध्ये वर्षानुवर्षे स्थिर राहिलेले आठ-दहा सेक्टर फारसे काही बिघडवत नाहीत. सी५ शून्याहून वर गेला, आणि सोमवारी १६ असलेला आकडा गुरुवारी १२० झाला, तर मात्र ती डिस्क निवृत्त झाली असे समजावे. २००७ मध्ये गूगलच्या अभियंत्यांनी आपल्याकडच्या एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात पहिली स्कॅन त्रुटी आल्यानंतरच्या ६० दिवसांत डिस्क निकामी होण्याची शक्यता त्रुटी नसलेल्या डिस्कपेक्षा ३९ पट आढळली. त्याच अभ्यासातली दुसरी बाजू अधिक लक्षात ठेवण्याजोगी आहे : निकामी झालेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कच्या सर्वांत बोलक्या चार नोंदी शेवटपर्यंत शून्यच होत्या. म्हणजे वाईट नोंद दिसली तर ती खरी मानावी, आणि चांगली दिसली म्हणून निर्धास्त होऊ नये.

आता सी७. डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामध्ये वाटेत डेटा बिघडला की हा आकडा वाढतो, म्हणजे दोष तबकडीचा नसून जोडणीचा असण्याचा संभव असतो. अनेक लॅपटॉपमध्ये डिस्क एका चपट्या पट्टीने जोडलेली असते. तिला बाजारात स्ट्रिप म्हणतात. गेल्या पावसाळ्यात वागळे इस्टेटमधून एक लॅपटॉप आला, त्याच्या मालकाने वर्षभरात दोन डिस्क बदलल्या होत्या आणि तिसरी घ्यायला निघाला होता. ०५ आणि सी५ दोन्ही शून्य, सी७ मात्र २,३०० च्या वर. स्ट्रिप काढून दिव्यासमोर धरली तर टोकाच्या सोनेरी पट्ट्यांपैकी तीन हिरव्या पडल्या होत्या. नवी स्ट्रिप घातली आणि जुनीच डिस्क चालू लागली. हा आकडा कधी उतरत नाही, त्यामुळे पट्टी बदलल्यावर तो आहे तिथेच थांबला का, एवढेच पाहायचे असते.

विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे घडामोडींची नोंदवही, हाही साक्ष देतो : सिस्टीम विभागात ‘डिस्क’ या स्रोताची ७ क्रमांकाची नोंद म्हणजे खराब ब्लॉक आढळला, आणि १५३ म्हणजे वाचन पुन्हा करून पाहावे लागले. यापलीकडे, पूर्ण डिस्क वाचून काढणाऱ्या लांब चाचण्या आणि विशेषतः दुरुस्ती करण्याच्या पर्यायासह चेकडिस्क ही विंडोजची तपासणी आज्ञावली, यांना प्रत हाती येईपर्यंत हात लावू नये. ही शिकवण मला फुकट मिळालेली नाही. धंद्याच्या सुरुवातीच्या वर्षांत एका गिऱ्हाइकाच्या डिस्कवर मी रात्री चेकडिस्क लावून घरी गेलो. सकाळी पाहतो तर मुंजीच्या फोटोंचा फोल्डर नाहीसा होऊन ‘फाउंड ०००’ नावाच्या फोल्डरात क्रमांक दिलेल्या हजारो बेनावी तुकड्यांचा ढीग पडला होता. चेकडिस्कचे काम फाइलींची व्यवस्था सुसंगत करणे हे आहे. त्यासाठी न जुळणाऱ्या नोंदी ती बेधडक तोडते. आपली फाइल वाचली पाहिजे, ही तिची जबाबदारीच नाही.

प्रत काढण्याचे दोन मार्ग आहेत. डिस्क थोडीच कुरकुरत असेल, सी५ एक आकडी असेल आणि महत्त्वाचे फोल्डर लहान असतील, तर सरळ पेन ड्राइव्ह लावून आधी वडिलांचे फोटो, मग गुणपत्रके, मग प्रश्नपत्रिका अशा क्रमाने कॉपी करावी. नेहमी सर्वांत न परत मिळणारी वस्तू आधी. एखाद्या फाइलवर कॉपी अडकली तर वाट पाहत बसू नये. ती वगळून पुढे जावे.

सी५ दोन-तीन आकडी असेल किंवा कॉपी वारंवार अडकत असेल, तर विंडोजला त्या डिस्कपासून दूर ठेवले पाहिजे, कारण चालू विंडोज पाठीमागे सतत काही ना काही लिहीत असते. पेन ड्राइव्हवरून लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली) सुरू करावे आणि त्यातील डीडीरेस्क्यू ही आज्ञावली वापरावी. तिची रीत शहाण्या माणसासारखी आहे : आधी जे सहज वाचता येते ते सगळे उचलते, अडखळली की तिथून उडी मारून पुढे जाते, आणि अवघड जागा शेवटी ठेवते. कुठे काय राहिले याचा नकाशा ती एका फाइलमध्ये लिहिते, त्यामुळे वीज गेली तरी काम तिथूनच पुढे सुरू होते. मात्र हा नकाशा वेगळ्या पेन ड्राइव्हवर ठेवावा. पेन ड्राइव्हवरून चालणाऱ्या लिनक्सच्या स्वतःच्या डेस्कटॉपवर ठेवला तर तो रॅममध्ये असतो आणि यंत्र बंद होताच नाहीसा होतो. जुनी डिस्क लॅपटॉपच्या आतच, थेट जोडणीवर राहू द्यावी आणि नवी बाहेरची डिस्क यूएसबीवर लावावी, कारण स्वस्त यूएसबी केसिंग (डिस्क बाहेरून जोडण्याच्या पेट्या) खराब सेक्टर आला की गोठून जातात. नवी डिस्क जुनीपेक्षा मोठी असावी. तिच्यावरचे सर्व काही पुसले जाईल. आणि आज्ञा देण्याआधी कोणती डिस्क स्रोत व कोणती लक्ष्य, हे आकारमान व मॉडेल क्रमांक पाहून दोनदा ताडून घ्यावे. ही अदलाबदल झाली तर कोऱ्या डिस्कची अचूक प्रत आपल्या फोटोंवर चढते, आणि मग कोणाचाही इलाज चालत नाही.

पहिली फेरी अवघड जागा न खरवडता काढावी. ५०० जीबीच्या निरोगी डिस्कला सुमारे दोन तास लागतात. मागे अशाच एका डिस्कला मी टेबलफॅन लावून संध्याकाळी बसवले. रात्री दोनपर्यंत ९९.९ टक्के भाग आला होता आणि ३०० एमबीच्या आसपास राहिले होते. त्यानंतरच्या दीड दिवसात त्या ३०० चे ४० एमबी झाले, आणि वेग सेकंदाला काही केबी इतका उतरला. अशा वेळी कुठे थांबायचे हे ठरवावे लागते. मी बहुधा पहिल्या फेरीनंतर प्रतीवरून महत्त्वाच्या फाइली उघडून पाहतो. त्या मिळाल्या असतील तर उरलेल्या कोपऱ्यात विंडोजचीच एखादी फाइल असण्याचा संभव असतो, आणि तिच्यासाठी डिस्क झिजवण्यात अर्थ नाही. प्रत काढून झाली की ती दुसऱ्या विंडोज यंत्राला लावून फाइली उचलाव्यात. चेकडिस्क चालवायचीच असेल तर प्रतीच्याही प्रतीवर चालवावी.

एक अडचण आधी तपासा. काही लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केल्यावर बिटलॉकर प्रकारचे एन्क्रिप्शन (डेटाला लागणारे सांकेतिक कुलूप) आपोआप सुरू झालेले असते. मग प्रतही कुलूपबंदच निघते आणि ४८ अंकी रिकव्हरी की लागते. फोनवरून मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन ती की मिळते का ते पाहा आणि कागदावर उतरवून ठेवा.

डिस्क बायोसमध्येच (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या यंत्राच्या मूळ पडद्यावर) दिसत नसेल, तालात टकटक करत असेल किंवा फिरत नसेल, तर वरचे काहीही करू नये. ते काम डेटा रिकव्हरीच्या धूळमुक्त प्रयोगशाळेचे आहे, जिथे त्याच मॉडेलच्या दुसऱ्या डिस्कचे हेड काढून बसवतात. खर्च हजारांत जातो, म्हणून आधी फक्त तपासणी करून लेखी अंदाज मागावा. डिस्क फ्रीझरमध्ये ठेवण्याचा सल्ला अजून फिरतो. आपल्याकडच्या जुलैच्या हवेत थंड डिस्क बाहेर काढली की दोन मिनिटांत आतबाहेर दव धरते. खालचे सर्किट दुसऱ्या डिस्कचे लावून पाहणेही आता निरुपयोगी आहे, कारण त्या डिस्कपुरती जुळवलेली माहिती त्याच सर्किटवरच्या चिपमध्ये असते. आणि झाकण तर कधीच उघडू नये.

आता बदलण्याकडे वळू. हा भाग लोकांना अवघड वाटतो, प्रत्यक्षात तो सर्वांत सोपा आहे. जागी पुन्हा फिरती डिस्क घालू नये, एसएसडी, म्हणजे चिपवर डेटा साठवणारी डिस्क, घालावी; साटा या नेहमीच्या जोडणीची एसएसडी सेकंदाला सुमारे ५५० एमबी वाचते, जुनी डिस्क शंभरच्या आसपास, आणि विखुरलेल्या लहान फाइलींच्या बाबतीत फरक याहून कितीतरी मोठा असतो. ठाण्याहून ऐरोली-महापेला रोज लोकलने लॅपटॉप नेणाऱ्यांसाठी आणखी एक फायदा म्हणजे आत फिरणारे काही नसल्याने धक्क्याचे भय उरत नाही. अडीच इंची एसएसडी सात मिलिमीटर जाडीची असते. आपली जुनी डिस्क साडेनऊची असेल तर कडेला गाळा राहतो, तो सोबतच्या प्लास्टिकच्या चौकटीने भरावा. काही लॅपटॉपमध्ये एम.२ ची, म्हणजे कांडीसारख्या एसएसडीची, रिकामी जागाही असते, पण तिथे साटा चालते की एनव्हीएमई ही अधिक वेगवान जोडणी, हे मॉडेलच्या माहितीपुस्तिकेत पाहूनच खरेदी करावी. दोन्हींचा आकार सारखाच असतो आणि चुकीची कांडी बसली तरी दिसत नाही. ५०० जीबी डिस्कची सेक्टरशः प्रत ४८० जीबीच्या एसएसडीवर मावत नाही, हेही ध्यानात असू द्यावे. बाजारभावाच्या पाव किमतीत दोन टीबी मिळत असेल तर ती घेऊ नये. आत बहुधा लहान मेमरी कार्ड असते आणि आकडा खोटा छापलेला असतो.

लॅपटॉप पूर्ण बंद करून चार्जर काढा. तळाचे स्क्रू काढताना एका पुठ्ठ्यावर लॅपटॉपचा आकार रेखाटून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी टोचून ठेवा, कारण त्यांची लांबी वेगवेगळी असते आणि लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर वरच्या बाजूला, तळहाताच्या जागी, फोड येतो. कव्हर जुन्या एटीएम कार्डाने कडेकडेने सोडवा. अडले तर जोर करू नका, रबरी पायांखाली किंवा स्टिकरखाली एखादा स्क्रू राहिलेला असतो. उघडल्यावर पहिले काम बॅटरीचा प्लग काढणे, आणि मग चालू करायचे बटण पंधरा-वीस सेकंद दाबून ठेवणे. डिस्कच्या स्ट्रिपला बोर्डाच्या टोकाला बारीक खिटी असेल तर ती नखाने उभी करावी आणि मगच पट्टी ओढावी. खिटी तुटली तर डिस्कपेक्षा मोठे दुखणे मागे लागते. जुन्या डिस्कची पत्र्याची चौकट आणि रबरे नव्या एसएसडीला चढवायची, आणि त्याच वाटेने परत यायचे.

जुन्या विंडोजचा क्लोन, म्हणजे हुबेहूब प्रत, नव्या एसएसडीवर घालण्याचा मोह होतो, पण आजारी डिस्कवरून तो करू नये. न वाचलेले सेक्टर कोणत्या सिस्टीम फाइलीत होते हे कळत नाही आणि महिनाभराने विचित्र बिघाड सुरू होतात. पेन ड्राइव्हवरून कोरे विंडोज टाकावे. विंडोज लॅपटॉपच्या कंपनीकडूनच आले असेल तर त्याचा परवाना मदरबोर्डाशी जोडलेला असतो, तोच प्रकार (होम किंवा प्रो) टाकल्यास इंटरनेट लागताच ते आपोआप सक्रिय होते. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. आपल्या लॅपटॉपात इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा नंतरचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) असेल तर थेट ११ टाकावे.

एसएसडीबद्दल एक सावधगिरी. फिरती डिस्क जाताना कुरकुरते, निरोप घेते. एसएसडी बहुधा काही न बोलता एका सकाळी दिसेनाशी होते, आणि तिच्यावरून पुसलेली फाइल परत मिळणे जवळजवळ अशक्य असते. म्हणून ज्या बाहेरच्या डिस्कवर आता प्रत काढाल ती नंतर बॅकअपसाठीच ठेवा, आणि दर परीक्षेनंतर गुणपत्रके तिच्यावर उतरवून तिला कपाटात परत ठेवा.

जुनी डिस्क लगेच टाकू नका. सर्व फोटो उघडून पाहून होईपर्यंत, म्हणजे निदान महिनाभर, ती बुडबुड्यांच्या कागदात गुंडाळून तारीख लिहून ठेवा. नंतर ती भंगारात देण्याआधी तबकडीतून ड्रिलने दोन-तीन छिद्रे पाडून घ्या, कारण खराब सेक्टर असलेली डिस्क आज्ञावलीने पूर्ण पुसली जात नाही आणि तिच्यावर मुलांची नावे व गुण आहेत. छिद्रे पाडताना चष्मा घाला. काही लॅपटॉप डिस्कच्या तबकड्या काचेच्या असतात.